हाटातून आणलेला कडकनाथ घरघरतो आहे, अमॉक्सिसिलिनने फरक नाही

अंगणातली_कोंबडी (राऊ, इंदूर)

नमस्कार मंडळी. कडकनाथ कोंबडा, वय साधारण दहा महिने, वजन 1.7 किलो. मागच्या रविवारच्या हाटातून आणला, आज नववा दिवस. तिसऱ्या दिवसापासून शिंका. आता डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात साबणासारखा फेस, रात्री खुराड्याजवळ गेलं की घरघर ऐकू येते, आरवणं घोगरं. निम्मंच खाऊन राहिला आहे. शीट थोडी पातळ, पण हिरवी नाही. मान सरळ, पाय ठीक.

दुकानदाराने दिलेली अमॉक्सिसिलिनची पूड दोन दिवस पाण्यातून दिली, काडीचा फरक नाही. पाणी बोअरचं, खाद्य ब्रॉयलर फिनिशर. जुन्या सहा गावठी कोंबड्या त्याच अंगणात आहेत, पिंजरा त्यांच्यापासून वीस फुटांवर. काळजी मीच घेते, दोन्हीकडे त्याच चपलांनी जाते (हे चुकलं, कळतंय). रात्री इथे 9-10 अंशांपर्यंत पारा उतरतो.

औषध बदलायचं का? कोणतं, किती? आणि कोंबड्यांना आत्ताच काही द्यायचं का?

---

पशुवैद्य_माळवा

ताई, पूड आजच थांबवा. हा बहुधा मायकोप्लाझ्मा आहे, म्हणजे सीआरडी (कोंबड्यांचा जुनाट श्वसनरोग). या जंतूला पेशीभित्तिकाच नसते. अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिन ही औषधं नेमकी ती भिंत बांधू न देऊन जंतू मारतात. भिंतच नाही तिथे ती काय पाडणार? दुय्यम ई. कोलाय असेल तर त्याच्यावर थोडा परिणाम झाला असता, एवढंच.

पण "बहुधा" म्हणालो ते विचार करूनच. औषधाआधी आज रात्री दहा मिनिटं द्या आणि हे बघा.

अंधारात, त्याला न हलवता, टॉर्चचा उजेड शेजारच्या भिंतीवर टाका आणि शेपटी पाहा. प्रत्येक श्वासाला ती वरखाली होते का? मिनिटाचे श्वास मोजा. निवांत कोंबड्याचे 12 ते 20 असतात. तीसच्या वर आणि चोच उघडी असेल तर औषधाचा हिशेब बाजूला ठेवून सकाळीच डॉक्टर गाठा.

मग त्याला काखेत उभा धरा. पाठीवर झोपवू नका आणि छातीवर दाबू नका. कोंबडीला पडदा नसतो, छातीचं हाड पुढेमागे होतं तेव्हाच हवा आत-बाहेर जाते. घट्ट आवळलेला पक्षी हातात गुदमरतो आणि आपल्याला वाटतं "रोगाने गेला". पाठीवर पंखांच्या मध्ये कान लावा. ओली खरखर खोल ऐकू आली तर हवेच्या पिशव्यांपर्यंत गेलं आहे. फक्त नाकात सूंसूं असेल तर अजून वरच आहे.

चोच उघडून टाळूतली लांबट फट बघा. तिथे चिकट दोरीसारखा शेंबूड लोंबत असेल तर सर्दी-सीआरडीचा गट. पिवळे, घट्ट चिकटलेले, ओढल्यावर रक्त येणारे पापुद्रे असतील तर ती तोंडातली देवी, तिला अँटिबायोटिक लागू नाही.

आता कडकनाथाची अडचण. रक्तात प्राणवायू कमी पडला की पांढऱ्या कोंबड्याचा तुरा निळा-जांभळा पडतो आणि माणूस सावध होतो. कडकनाथाचा तुरा, जीभ, तोंडाचं अस्तर आधीच काळपट, त्यामुळे ही खूण तुम्हाला मिळणारच नाही. म्हणून श्वास मोजा, वजन करा आणि अन्नपिशवी (मानेच्या तळाशी खाल्लेलं साठतं ती) रोज चाचपा. (तोंड आतून गुलाबी निघालं तर कोंबडा मिश्र जातीचा आहे. पैसे गेले, पण निदान तुरा वाचता येईल.)

बाकीचे रोग नाकारायला:

– नाकपुडीजवळ नाक न्या. सडका वास आणि एका बाजूचा चेहरा फुगलेला असेल तर तो कोरायझा (जिवाणूंची सर्दी). तो 1 ते 3 दिवसांत उमटतो आणि आठवड्यात सगळ्या खुराड्याला धरतो. मायकोप्लाझ्मा 6 ते 21 दिवस घेतो. म्हणजे तिसऱ्या दिवशी शिंकणारा कोंबडा तुमच्याकडे आजारी झालेला नाही, तो रोग घेऊनच आला. उलटं टांगून नेणं, गोणी, गर्दी, थंडी, यांनी दबलेलं वर आलं.

– हिरवी पाण्यासारखी शीट, मान पिरगळणं, पंख-पाय लुळे: मानमोडी (राणीखेत). त्याला उपचार नाही.

– खोकताना मान लांब करून, भिंतीवर रक्ताचे शिंतोडे: आयएलटी, म्हणजे घसा-श्वासनळीचा विषाणूजन्य रोग.

– सारखं तोंड उघडून जांभया, डोळा-नाक मात्र कोरडं: श्वासनळीतला जंत. शीट तपासून कळतो.

आणि अंगणात एकाएकी दोन-तीन पक्षी मेले तर त्यांना हातही लावू नका, पशुसंवर्धन विभागाला कळवा. इंदूरला हे नवीन नाही. डिसेंबर 2020 च्या शेवटी डेली कॉलेजच्या आवारातल्या मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू निघाला, तपासणी भोपाळच्या प्रयोगशाळेत झाली होती. तुमच्या वर्णनात तसं काही नाही, पण हा दरवाजा आधी बंद केलेला बरा.

---

चावडी_लोकमान्यनगर

धुरी दिली का? कापूर, ओवा, हळद तव्यावर टाकून रात्री पाच मिनिटं धूर. आणि नाकात मोहरीच्या तेलाचा एक थेंब. आमच्याकडे सगळे हेच करतात.

---

पशुवैद्य_माळवा

काका, नको. दोन्ही नको. पक्ष्याच्या फुफ्फुसाला नऊ हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात, त्यांतला कफ माणसासारखा खोकून वर येत नाही. धुराने श्वासनळीतले केसासारखे तंतू आणखी मंदावतात, तेच तर कचरा बाहेर ढकलत असतात. आणि नाकातला तेलाचा थेंब टाळूच्या फटीतून थेट श्वासनळीच्या तोंडाशी उतरतो. तेल पचत नाही, सुकत नाही, त्याचा न्यूमोनिया होतो. हळद खाद्यात घाला, हरकत नाही. तिने रोग जाणार नाही, पण नुकसानही नाही.

हवेबद्दल बोलायचं तर पहिली गोष्ट अमोनिया. सकाळी खुराड्यात डोकं घातल्यावर तुमच्या डोळ्यांना झोंबलं म्हणजे पक्ष्यासाठी मर्यादा ओलांडली. 25 पीपीएमच्या वर डोळे आणि श्वासनळी दोन्ही बिघडतात. थंडीच्या भीतीने लोक पोत्यांनी चारही बाजू बंद करतात आणि ओल्या तुसातला अमोनिया आत कोंडतात. पक्ष्याच्या उंचीला वारा अडवा, वर वीतभर मोकळं ठेवा. एका कोपऱ्यात 60 वॉटचा बल्ब, दुसरा कोपरा थंडच राहू द्या, त्याला हवं तिथे तो बसेल. ओला भुसा रोज काढा. बुरशी आलेला तूस किंवा मका तर नकोच. त्या बुरशीचा फुफ्फुसरोग झाला तर हातात काही उरत नाही.

---

मात्रा_तपासा

औषधाचं मी लिहितो. चिठ्ठी डॉक्टरांचीच घ्या, पण हिशेब स्वतःला कळला पाहिजे, कारण चुकतं ते तिथेच.

मायकोप्लाझ्मावर चालणारी तीन नेहमीची: टायलोसिन, डॉक्सीसायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन. तिसरं मी शेवटी ठेवीन. माणसात त्याच गटाची औषधं लागतात, आणि जंतूंचा प्रतिकार वाढतो म्हणून अमेरिकेने 2005 मध्ये कोंबड्यांसाठी ते बंद केलं. कोलिस्टीनची पूड कोणी पुढे केली तर घेऊच नका, आपल्याकडे 2019 पासून खाद्य-प्राण्यांत बंदी आहे.

आता पाण्यातून देण्यातली गोम. टायलोसिन टार्ट्रेट लिटरला अर्धा ग्रॅम (मूळ औषध, पाकिटावरची टक्केवारी वाचून). 1.7 किलोचा निरोगी कोंबडा थंडीत 200 मिली पाणी पिईल, त्याला 100 मिलिग्रॅम मिळेल, म्हणजे किलोला 59. पण तुमचा निम्मं खातो आहे, मग पाणीही निम्मंच पिणार. 100 मिली प्यायला की किलोला 29 वर आला. वर टायलोसिन कडू. म्हणजे ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच सगळ्यात कमी घेतो. एकटाच पक्षी असेल तर सिरिंजने तोंडात द्या, मात्रा पक्की राहते.

डॉक्सीसायक्लिन, किलोला 20 मिलिग्रॅम, रोज, 5 दिवस. तुमच्यासाठी:

1.7 × 20 = 34 मिलिग्रॅम दिवसाला. 100 मिलिग्रॅमची एक कॅप्सूल उघडून 10 मिली पाण्यात, म्हणजे 1 मिलीत 10 मिलिग्रॅम. सकाळी 1.7 मिली, संध्याकाळी 1.7 मिली. वर लागोपाठ दोन-तीन मिली साधं पाणी, नाहीतर डॉक्सी अन्ननलिकेला जाळतं. पूड तळाशी बसते, प्रत्येक वेळी हलवूनच ओढा. उरलेलं संध्याकाळी फेका, दुसऱ्या दिवशी नवीन कॅप्सूल.

देण्याची पद्धत: सुई काढलेली 2 मिलीची सिरिंज. जिभेच्या मुळाशी उघडझाप करणारं एक छिद्र दिसेल, ती श्वासनळी. औषध तिथे गेलं तर खेळ खलास. कोंबड्याची अन्नपिशवी मानेच्या उजव्या बाजूला असते, म्हणून सिरिंज त्याच्या डाव्या बाजूने घाला आणि टोक मागे-उजवीकडे, छिद्राच्या पलीकडे न्या. अर्धा मिली सोडा, गिळू द्या, मग पुढचं. मान वर खेचून धरू नका.

तुमचं बोअरचं पाणी इथे आडवं येतं. डॉक्सीसायक्लिन कॅल्शियमला चिकटून बसतं आणि आतड्यातून शोषलंच जात नाही. राऊकडच्या बोअरला पातेल्यात पांढरा थर बसतो ना, तेच कॅल्शियम. औषध नर्मदेच्या नळाच्या किंवा फिल्टरच्या पाण्यात कालवा. पाच दिवस शिंपल्याचा चुरा, अंड्याची टरफलं, दही, ताक सगळं बंद. जस्ताच्या पत्र्याच्या भांड्यातही नको, प्लास्टिक किंवा मातीचं घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचं खाद्य. ब्रॉयलर फिनिशरमध्ये रक्ती हगवणीसाठी बहुतेक वेळा सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन घातलेलं असतं. पोत्याची चिठ्ठी वाचा. दुकानदार सीआरडीवर टायामुलिनही देतात, औषध चांगलं आहे, पण या दोघांबरोबर ते पोटात गेलं की पक्षी लुळा पडून मरतो. टायामुलिन घ्यायचंच झालं तर आधी खाद्य बदला. तसंही दहा महिन्यांच्या कोंबड्याला फिनिशर कशाला? मका-ज्वारीचा भरडा आणि थोडी सोया पेंड कोमट पाण्यात भिजवून द्या. नाक बंद असलं की वास येत नाही आणि खाणं सुटतं, ओलं-कोमट मात्र तो खातो.

डोळ्यासाठी: पाव लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात अर्ध्या लहान चमच्याला किंचित कमी मीठ. त्यात कापूस भिजवून फेस आतून बाहेर पुसा, मग सिप्रोफ्लॉक्सासिनचे साधे थेंब दिवसातून तीनदा. बाटलीवर "डेक्सा" किंवा "बीटा" दिसलं तर परत करा, ते स्टेरॉइड असतं.

डोळ्याखाली गाठ आली तर पिळू नका. कोंबडीचा पू पातळ नसतो, पनीरच्या तुकड्यासारखा घट्ट होतो. तो दाबून निघत नाही, डॉक्टर चीर देऊन काढतात.

तिसऱ्या दिवशी हिशेब करा: रात्रीची घरघर, वजन, अन्नपिशवी. पिशवी संध्याकाळी भरलेली आणि सकाळी रिकामी हवी. तिन्हींत फरक नसेल तर मात्रा वाढवू नका, निदान चुकलं समजा आणि तपासणीला न्या.

---

अंगणातली_कोंबडी (राऊ, इंदूर)

रात्री मोजले, 26 श्वास, चोच बंद. शेपटी हलते, थोडी. टाळूत शेंबडाची तार, पापुद्रे नाहीत, वास नाही. तोंड काळंच निघालं बरं का! पोत्याच्या चिठ्ठीवर सॅलिनोमायसिन लिहिलं आहे. दुकानदार आज टायामुलिनच देऊन राहिला होता.

डॉक्सी संध्याकाळपासून सुरू करते, चिठ्ठी मिळाली. पण आज एक गावठी कोंबडी दोनदा शिंकली. सहाहींना पाण्यातून सुरू करू? आणि लासोटा (मानमोडीची लस) देऊन टाकू का, त्यांना कधीच लस दिलेली नाही.

---

चावडी_लोकमान्यनगर

लस द्याच, आजच. मानमोडी आली तर सहाही जातील.

---

पशुवैद्य_माळवा

काका, मानमोडीची भीती रास्त आहे, वेळ मात्र चुकीची. लासोटा जिवंत विषाणूची लस आहे, ती श्वासनळीत थोडी वाढते आणि तिथूनच प्रतिकार तयार होतो. त्याच अस्तरावर आधीच मायकोप्लाझ्मा बसला असेल तर लसीची साधी शिंक आठवडाभराचा आजार बनते. शिंकणाऱ्या खुराड्याला लासोटा नाही. शेवटच्या शिंकेनंतर दोन-तीन आठवडे थांबा, मग डोळ्यात एक-एक थेंब. बाटली सहसा शंभर मात्रांची मिळते, सहा कोंबड्यांना शंभर मात्रा म्हणजे जिवावर येतं, म्हणून शेजारच्यांशी ठरवून एकाच दिवशी करा. बर्फात आणा, कालवल्यावर दोन तासांत संपवा, उरलेली उकळून फेका.

सहाही कोंबड्यांना औषध? नाही. दोन शिंका म्हणजे धूळही असू शकते. ती एक कोंबडी आजच वेगळी करा, कोंबड्याजवळ नव्हे, तिसऱ्या जागी. वीस फूट अंतर भिंत नसेल तर पुरेसं नाही, शिंकेचे कण, वारा आणि तुमचे हात मिळून ते रोज पार करतात. आधी निरोगी, मग संशयित, शेवटी कोंबडा, हाच क्रम. कोंबड्यासाठी वेगळ्या चपला आणि एक जुना सदरा तिथेच खुंटीला. हा जंतू कपड्यावर, केसांवर काही दिवस टिकतो. सुदैवाने उन्हात आणि कोरड्यात लवकर मरतो, म्हणून भांडी धुऊन दुपारभर उन्हात पालथी टाकलीत तरी निम्मं काम होतं. ब्लीचिंगचं पाणी शेण-मातीवर ओतून उपयोग नाही, आधी खरवडा, धुवा, मग ओता.

नक्की काय आहे ते कळायला रक्त तपासा. पंखाखालच्या शिरेतून एक मिली पुरतं. रक्तजलाचा थेंब आणि रंगीत अँटिजेनचा थेंब पांढऱ्या फरशीवर मिसळतात, दोन मिनिटांत दाणे दिसले की होकार. पण संसर्गानंतर आठवडा-दहा दिवस ही तपासणी कोरी येते. कोंबड्याची आत्ता करा, कोंबड्यांची तीन आठवड्यांनी. महूचं पशुवैद्यक महाविद्यालय तुम्हाला तासाभराच्या आत आहे, आधी फोन करून जा. नेणं शक्य नसेल तर 1962 वर फिरत्या दवाखान्याची गाडी मागवता येते.

---

मात्रा_तपासा

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पाच दिवसांनी कोंबडा ठणठणीत आरवेल आणि तुम्हाला वाटेल संपलं. मायकोप्लाझ्मा निघाला असेल तर तो संपत नाही. औषधाने लक्षणं जातात, जंतू पक्ष्यात जन्मभर राहतो. थंडी, पीस गळणं, प्रवास, की पुन्हा घरघर. त्याच्याकडून कोंबड्यांना आणि कोंबड्यांकडून अंड्यातून पिल्लांना.

म्हणून होकार आला तर ठरवायचं एवढंच. घरच्या अंड्यांपुरत्या सहा कोंबड्या असतील तर सगळ्यांना एक कळप धरा आणि कळप बंद करा: नवीन पक्षी आत नाही, इथला पक्षी किंवा उबवायचं अंडं बाहेर नाही. खाण्याच्या अंड्यांना या जंतूने काही होत नाही. पिल्लं काढून विकायची असतील तर हा कोंबडा ठेवू नये, माझं मत स्पष्ट आहे. आणि कोणी सांगेल, "बरा झाला की हाटात काढून टाका", तर तसं करू नका. तुमच्याकडे तो असाच आला.

नकार आला तरी आणल्या दिवसापासून नव्हे, शेवटच्या लक्षणापासून 30 दिवस वेगळा.

---

अंगणातली_कोंबडी (राऊ, इंदूर)

पिल्लं काढायचाच विचार होता. रिपोर्ट आला की ठरवते. शेवटचं एक: त्या शिंकणाऱ्या कोंबडीला डॉक्सी द्यावं लागलं तर तिची अंडी?

---

मात्रा_तपासा

पाकिटावर थांबण्याचा काळ छापलेला असेल तो पाळा. छापलेला नसेल तर 2012 पासूनचा नियम असा: शेवटच्या मात्रेनंतर अंड्यांसाठी किमान 7 दिवस, मांसासाठी 28. तुम्ही तर माणसांची कॅप्सूल वापरताय, म्हणजे तिच्यावर काही छापलेलं नसणारच, 7 आणि 28 धरा. उपचाराचे पाच दिवस अधिक सात, असे बारा दिवस तिची अंडी वेगळ्या टोपलीत जमवून पुरा. परत कोंबड्यांनाच खायला घालू नका. आणि ती अंडी देत असेल तर त्या पाच दिवसांत शिंपल्याचा चुरा पूर्ण बंद करून चालणार नाही, कवच पातळ होईल. औषध सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला द्या, चुरा दुपारी बारा ते दोन एवढाच पुढे ठेवा आणि उचलून घ्या.